'कोलोफन' या शब्दाचा अर्थ व त्याचा पोथ्यांच्या कालनिर्णयांतील उपयोग

जुन्या पोथ्यांच्या इंग्रजींत छापलेल्या सूची ज्यांच्या नित्य हाताखालीं असतात त्यांना 'कोलोफन' हा शब्द नवा नाहीं. परंतु हा शब्द त्या सूचींत एकाच अर्थानें येत नाहीं, आणि त्याचे निरनिराळे अर्थ वेगळे ठेवण्याची काळजी सूचीकारांनीं नेहमींच घेतली आहे असेंही नाहीं. वाचणारे तर त्याहून बेसावध असतात. आम्ही स्वतः असेच बेसावध राहिलों आणि एका पोथीचा काल शंभराहून अधिक वर्षें मागें नेऊन बसलों. ती हकीकत पुढें यथास्थळीं देऊं. प्रथम शब्दाचा विचार करूं.

हा शब्द मूळचा ग्रीक. त्या भाषेंत त्याचा अर्थ शिखर, टोक, अर्थात् कार्याची समाप्ति. याच नांवाचें एक नगर प्राचीन आयोनियांत होतें. तो प्रदेश आतां तुर्कस्तानांत मोडतो. स्ट्राबो या भूगोलकारानें अशी आख्यायिका दिली आहे कीं, कोलोफनचे घोडेस्वार इतके निष्णात होते कीं ज्या पक्षास ते मिळत त्याचें युद्ध तेथेंच संपे. म्हणून एखादी गोष्ट कायमची तडीस नेली म्हणजे 'त्यानें कोलोफन जोडला' अशी म्हण पडली. आपल्याकडील निरुक्तकारांच्या कित्येक निर्वचनांप्रमाणें ही व्युत्पत्ति नसून व्युत्पत्तीस जोडलेली गोष्ट आहे. कारण शिखर हा अर्थ शब्दांत असतांना घोडेस्वारांची गरज उरत नाहीं. तरी म्हण खरी, आणि इरॅस्मसनें आपल्या 'अडाजिया' या प्रसिद्ध म्हणींच्या संग्रहांत तिला स्थान दिलें आहे. इंग्रजींत प्रथम हा शब्द 'शेवटचा हात' या सामान्य अर्थानेंच आला. पुस्तकाच्या अखेरीचा मजकूर हा पारिभाषिक अर्थ त्यास अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिकटला. ज्या वस्तूस हें नांव मिळालें ती मात्र नांवाहून फार जुनी आहे. निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या संग्रहांतील मातीच्या विटांवर, म्हणजे इ. स. पूर्वीं सातव्या शतकांत, असे समाप्तिलेख आढळतात.

युरोपांतील छापील पुस्तकांत मुद्रकाचें नांव व छपाईची तारीख देणारा समाप्तिलेख प्रथम आढळतो तो मेंझ येथें फुस्ट व शोफर यांनीं छापलेल्या स्तोत्रसंहितेंत. तींत १४ ऑगस्ट १४५७ ही तिथि दिली आहे. नव्या कलेचा अभिमान मिरविणाऱ्या त्याच लेखांत 'स्तोत्रांची' या अर्थाच्या लॅटिन शब्दांतील पहिलीं दोन अक्षरें उलटसुलट पडलीं आहेत! सगळा ग्रंथ डोळ्यांत तेल घालून शुद्ध करावा आणि शेवटच्या पानावर हात ढिला पडावा, हा अनुभव आपल्या पोथीलेखकांचाही आहे.

त्याच्या थोडें आधीं निघालेल्या गुटेनबर्गच्या बायबलांत मात्र मुद्रकाचा समाप्तिलेख नाहीं. असें असून त्याच्या कालाची एक मर्यादा नक्की सांगतां येते, ती पॅरिस येथील एका प्रतीवरून. त्या प्रतींत रंगीत अक्षरें भरून बांधणी करणाऱ्या हाइनरिख क्रेमर नांवाच्या धर्मोपदेशकानें आपलें काम ऑगस्ट १४५६ मध्यें संपल्याची नोंद हातानें केली आहे. ही तारीख छपाईची नव्हे. त्या एका प्रतीवर झालेल्या कामाची आहे. तिजवरून एवढेंच सिद्ध होतें कीं छपाई तत्पूर्वीं झाली. कोणती तारीख कोणत्या क्रियेची, हा भेद ध्यानांत ठेवून काढलेला हा निष्कर्ष आमच्या विषयाचा उत्तम नमुना आहे. पुढें पुस्तकास मुखपृष्ठ आलें आणि शेवटचा मजकूर तिकडे गेला. विसाव्या शतकांत तर प्रकाशकाच्या चिन्हासही कोणी 'कोलोफन' म्हणूं लागले. त्या अर्थाशीं पोथीशोधकांस कर्तव्य नाहीं. तथापि ए. डब्ल्यू. पोलार्ड यांनीं १९०५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कोलोफनविषयक निबंधांत दाखविलेली एक गोष्ट आम्हांस उपयोगाची आहे. ती ही कीं, एका मुद्रकाचा समाप्तिलेख दुसरा मुद्रक उचलीत असे. ज्यास अक्षरें जुळवावीं लागतात तोही जर असें करितो, तर समोरची पोथी पाहून ओळीमागें ओळ उतरणारा आमचा लेखक काय करील?

आतां आपल्याकडे वळूं. 'कोलोफन' या शब्दास संस्कृतांत पुष्पिका हा प्रतिशब्द रूढ आहे. आपटे यांच्या कोशांत पुष्पिकेचा अर्थ अध्यायाच्या शेवटचे शब्द, ज्यांत प्रतिपाद्य विषय सांगितलेला असतो, असा दिला आहे. 'इति श्री' येथपासून 'अमुकोऽध्यायः' येथपर्यंतचें वाक्य तें हेंच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत प्रत्येक अध्यायाखालीं पाठभेदांत 'कोलोफन' म्हणून जी नोंद असते तींत निरनिराळ्या प्रतींतील पर्वाचें, उपपर्वाचें व अध्यायाचें नांव आणि अध्यायांक दिलेले असतात. तेथें या शब्दाचा प्रत लिहिणाराशीं संबंध नाहीं. उलट, दुसऱ्या एखाद्या सूचींत 'कोलोफन : शके अमुक' असें छापलेलें आढळतें, तेथें बहुधा प्रत लिहिणाराची नोंद अभिप्रेत असते. एकच शब्द एके ठिकाणीं ग्रंथाचा अवयव दाखवितो व दुसरे ठिकाणीं प्रतीचा. हरप्रसाद शास्त्री यांनीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहाची वर्णनात्मक सूची करितांना ही अडचण ओळखून 'पोस्ट-कोलोफन', म्हणजे पुष्पिकेनंतरचा मजकूर, असा वेगळा निर्देश केला. ही सुधारणा सर्वत्र उचलली गेली असती तर पुष्कळ घोटाळा टळला असता.

मराठींत या दोहोंस दोन नांवें असावीं असें आम्हांस वाटतें. ग्रंथकारानें रचलेल्या समाप्तिवाक्यास 'ग्रंथपुष्पिका' म्हणावें आणि प्रत उतरणारानें जोडलेल्या मजकुरास 'लेखनपुष्पिका' म्हणावें. पहिली ग्रंथाबरोबर प्रत्येक प्रतींत जाते. दुसरी वास्तविक त्या एकाच प्रतीची. तींत लेखकाचें नांव, स्थळ, शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि, वार, आणि पोथी कोणासाठीं लिहिली हें येतें. 'स्वार्थं परोपकारार्थं च' हे शब्द तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. कित्येक लेखक त्यापुढें सांगतात कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष आम्हांवर ठेवूं नये. पाठ, कंबर व मान मोडून हा ग्रंथ लिहिला आहे, तो पाण्यापासून, तेलापासून व सैल बांधणीपासून जपावा. हीं वाक्यें सांप्रदायिक असल्यामुळें त्यांवरून त्या व्यक्तीविषयीं कांहीं अनुमान काढूं नये. हजारों पोथ्यांत तींच आहेत.

येथें एका शब्दाविषयीं सावध करणें अवश्य आहे. पोथींतील 'लेखक' म्हणजे प्रत लिहिणारा. ग्रंथ रचणारा नव्हे. आज तो शब्द ग्रंथकाराच्या अर्थीं रूढ झाल्यामुळें नवशिक्या सूचीकारांच्या हातून बिचारे नकलकार ग्रंथकारांच्या यादींत जाऊन बसतात. तसेंच 'अमुकस्येदं पुस्तकम्' हें वाक्य मालकाचें असतें. तें बहुधा निराळ्या हातचें व मागाहूनचें असतें.

या सर्व भेदांचें सर्वांच्या ओळखीचें उदाहरण म्हणजे ज्ञानेश्वरी. तिच्या अखेरीस शके १२१२ चा, म्हणजे इ. स. १२९० चा, निर्देश करणारी ओवी आहे. त्या ओवींत टीका करणारे ज्ञानेश्वर यांचें नांव तृतीय पुरुषीं आलें आहे आणि सच्चिदानंदबाबा हे लेखक झाले असें सांगितलें आहे. तेथेंही लेखक शब्दाचा अर्थ वर सांगितला तोच. म्हणजे ग्रंथरचनेचा शक आपणांस मिळतो तो लेखनपुष्पिकेच्या वळणाच्या ओवींतून. त्यानंतर एकनाथांनीं ग्रंथ शुद्ध केल्याचें सांगणाऱ्या ओव्या येतात. त्यांत शके १५०६, तारण संवत्सर, म्हणजे इ. स. १५८४, हा काल आहे. एकनाथी परंपरेच्या प्रतींत या ओव्या ग्रंथाचाच भाग होऊन बसल्या आहेत. त्यांपुढें कांहीं लिहिलें असेल तर तो त्या त्या प्रतीचा खरा समाप्तिलेख. असे एकाच पानावर तीन काल आढळतात : रचनेचा, शुद्धीचा व नकलेचा. पेशवाईच्या अखेरीस लिहिलेली पोथी हातीं धरून 'ही शके पंधराशें सहाची' असें श्रद्धेनें सांगणारे सद्गृहस्थ आम्हांस एकाहून अधिक वेळां भेटले आहेत. पोथी असत्य बोलत नव्हती. ती आपल्या आजोबांचें वय सांगत होती, आणि ऐकणारे तें तिचें समजत होते.

त्यांना हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें आतां सांगितलें पाहिजे. कित्येक वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका व्यासंगी गृहस्थांनीं व्रतविषयक एका संस्कृत निबंधाची पोथी आमच्या स्वाधीन केली व तिच्या कालाविषयीं अभिप्राय मागितला. शेवटीं लेखकाचें नांव, शक, संवत्सर, तिथि व वार सर्व स्पष्ट होतें. आम्हीं गणित केलें. संवत्सर जुळला, वारही जुळला. आम्हीं मोठ्या समाधानानें लेखी अभिप्राय दिला कीं पोथी त्याच शकांत लिहिलेली आहे. त्या गृहस्थांचा तो ग्रंथ संपादण्याचा संकल्प होता. आमच्या पत्रावर भिस्त ठेवून त्यांनीं तीच आदर्श प्रत धरली, आणि कालाचा निर्देश नसलेली एक जीर्ण प्रत पाठभेदांपुरती खालीं ठेवली.

पुढें दोन वर्षांनीं त्यांच्याच घरीं दुसरा एक रुमाल सोडला असतां त्यांत एक लहान स्तोत्राची पोथी निघाली. कागद तोच, अक्षराचें वळण तेंच, ओळींची संख्या व समासाच्या रेघाही त्याच. परंतु त्या पोथीच्या लेखकानें आपलें नांव निराळें दिलें होतें आणि शक पहिल्या पोथीहून शंभरावर वर्षांनीं अलीकडचा होता. एकच हात एवढ्या अंतरानें दोन पोथ्या लिहिणें शक्य नाहीं. उलगडा सोपा होता : निबंधाची प्रत उतरतांना त्यानें समोरच्या जुन्या पोथीची लेखनपुष्पिकाही, पूर्वलेखकाच्या नांवासह, ग्रंथ समजून उतरली होती. मग आम्ही निबंधाची पोथी पुन्हां पाहूं लागलों, तेव्हां दहा-बारा ठिकाणीं मजकुरांत मोकळी जागा सोडून टिंबें दिलेलीं दिसलीं. मूळ प्रतींतील अक्षरें किडीनें खाल्लीं असतां लेखक असें करितो. हीं टिंबें आम्हीं पहिल्या वेळींही पाहिलीं होतीं. परंतु शेवटचें पान इतकें स्पष्ट बोलत होतें कीं आंतल्या पानांचें ऐकण्याची गरज आम्हांस वाटली नाहीं.

आम्हीं चूक कळविली. त्या गृहस्थांनीं एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. उतारवयांत त्यांनीं सर्व पाठ पुनः ताडून पाहण्यास आरंभ केला. कारण ती जीर्ण, काल नसलेली प्रतच दोहोंत जुनी होती व कित्येक ठिकाणीं तिचाच पाठ ग्राह्य ठरत होता. तें काम पुरें होण्यापूर्वींच ते निवर्तले. प्रस्तुत लेख लिहिण्याचें खरें कारण हें आहे.

या प्रकरणांत आमचें गणित चुकलें नव्हतें, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. दक्षिणेंतील रीतीप्रमाणें शकांत १२ मिळवून ६० नीं भागिलें असतां जी बाकी उरते ती प्रभवापासूनचा संवत्सर दाखविते. उदाहरणार्थ, १५०६ मध्यें १२ मिळविले म्हणजे १५१८. त्यास ६० नीं भागून बाकी १८. अठरावा संवत्सर तारण. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा शक १५९६ घेतल्यास बाकी ४८ उरते, आणि अठ्ठेचाळिसावा आनंद संवत्सर येतो, तोच इतिहासांत नमूद आहे. वारासाठीं आमच्याकडील जंत्र्या किंवा स्वामीकन्नु पिल्ले यांचें तिथिकोष्टक पाहावें. परंतु ह्या परीक्षेनें तिथि खोटी नाहीं एवढेंच ठरतें. ती कोणत्या प्रतीची हें ठरत नाहीं. खऱ्या तिथीची प्रामाणिक नक्कलही या परीक्षेस उतरणारच. वार न जुळणें हें संशयाचें कारण आहे. वार जुळणें हें संशय संपल्याचें कारण नव्हे.

ऐतिहासिक कागदांचा अभ्यास करणारांस हें अंतर एका तुलनेनें चटकन् कळेल. शिवकालीन पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा असते. येथें लेख संपला, यापुढें कोणीं अक्षर घालूं नये, असा तिचा हेतु. कार्य पाहिलें तर पुष्पिकेचेंच. पण मुद्रा धातूच्या शिक्क्यानें उठलेली असते. नकलकार फार तर तिचीं अक्षरें लिहील. शिक्का त्याच्या हातीं नसतो. पुष्पिका मात्र शाईनेंच लिहिलेली असल्यामुळें ज्या लेखणीनें ग्रंथ उतरावा त्याच लेखणीनें तीही उतरतां येते. म्हणून मुद्रा हा अस्सलपणाचा पुरावा होऊं शकतो, आणि पुष्पिका ही केवळ साक्ष. साक्षीदारास उलट प्रश्न केल्यावांचून साक्ष घेऊं नये.

ते प्रश्न कोणते, हें अनुभवानें आम्हांस जसें उमगलें तसें सांगतों. शेवटचें पान त्याच पोथीचें आहे काय, हें पत्रांक, समासांतील ग्रंथनामाचा संक्षेप, ओळींची संख्या व कागद यांवरून प्रथम पाहावें. सुट्या पानांच्या पोथींत परकें पान सहज मिसळतें, आणि विकणारा तें कधीं कधीं बुद्ध्या मिसळतो. शेवटचा मजकूर एका हाताचा, एका शाईचा आहे कीं अनेकांचा, हें त्यानंतर पाहावें. ग्रंथकाराचे शब्द कोठें संपतात हें ठरविण्यासाठीं त्याच ग्रंथाची दुसरी प्रत शोधावी. दोन्ही प्रतींत आढळणारा मजकूर बहुधा त्या एका प्रतीचा नव्हे. आंत जागा सोडलेली असेल तर ती कोठें व कां, याची नोंद करावी. काल शब्दांनीं दिला असेल तर अंक उजवीकडून डावीकडे मांडावे. रस, नभ, बाण, चंद्र असे शब्द ओळीनें आले तर शक १५०६ होतो, ६०५१ नव्हे. पोथी काशीस लिहिलेली असेल तर संवत्सराची उत्तरेकडील गणना निराळी आहे व तिकडे महिना पौर्णिमेस संपतो, हें विसरूं नये. विक्रम संवत् दिला असेल तर तो चैत्रादि कीं कार्तिकादि हें पाहूनच शक काढावा. चैत्रादि असल्यास १३५ वजा होतात, कार्तिकादि असल्यास चैत्रापासून आश्विनापर्यंत १३४.

सूचींत उतरतांना ग्रंथपुष्पिका, लेखनपुष्पिका व पुढील मालकांच्या नोंदी यांस तीन स्वतंत्र रकाने असावे आणि प्रत्येक मजकूर अशुद्धांसह अक्षरशः द्यावा. लेखकाचें अशुद्ध हा त्याच्या प्रांताचा व शिक्षणाचा पुरावा असतो. तें सुधारून आपण आपलेंच पांडित्य दाखवितों आणि त्याची खूण पुसतों. लेखनकाल म्हणून शक देतांना 'या प्रतीचा' कीं 'पूर्वप्रतीचा असण्याचा संभव' असा स्पष्ट शेरा असावा. आजकाल पोथ्यांचीं छायाचित्रें दूरच्या अभ्यासकांसही मिळतात, ही मोठीच सोय आहे. परंतु छायाचित्रांत अक्षर दिसतें, कागदाचा पोत कळत नाहीं. तो हातीं घेऊन पाहणाराचें काम त्यामुळें कमी होत नाहीं.

आणि ज्या पोथ्यांस शेवटचें पानच नाहीं, त्यांविषयीं दोन शब्द. संग्राहकांत कालयुक्त पोथीस मान मोठा. कालहीन पोथी कोनाड्यांत पडते. आम्हींही ती तशी पाडली होती. परंतु जुनी पोथी जितकी अधिक हाताळली गेली तितकें तिचें शेवटचें पान आधीं झडतें. तिला आपलें वय सांगतां येत नाहीं, याचें कारण कित्येक वेळां तिचें वय हेंच असतें. कोलोफन म्हणजे शिखर खरें. पण शिखर ढासळलेल्या देवळाचा पाया किती जुना आहे हें पायाच सांगतो. ज्यांच्या कोनाड्यांत अशा पोथ्या असतील त्यांनीं त्या एकदां खालीं काढून पाहाव्या, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.